माती लावू नका

“हात लावायचा न्हाई म्हंजे?” दस्तगीर वस्तादांनी विचारलं. “माझा पैलवान हाय त्यो.”

मी अतिदक्षता विभागाच्या दारात दोन्ही हात पसरून उभी होते. अंगणात कोंबड्या हाकलायला बाया उभ्या राहतात, तशी. समोरचा माणूस सत्तरी ओलांडलेला, पण दार अजून त्याला अपुरं पडत होतं. दोन्ही कान मोडून गाठाळलेले, डोक्याला फेटा, अंगात पांढरा नेहरूशर्ट आणि उजव्या मुठीत पिवळ्या फडक्याची पुरचुंडी. त्यांनी नुसता खांदा पुढे केला असता, तर मी भिंतीला जाऊन चिकटले असते. पण वस्ताद बाईमाणसाला धक्का लावणाऱ्यातले नव्हते, आणि मी बिनदिक्कत त्याचा फायदा घेत होते.

“पुरचुंडीत काय आहे?”

“माती.”

“कसली माती?”

देवळात जाऊन पुजाऱ्याला ‘आत कोण बसलंय’ असं विचारावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हौद्यातली. तालमीतली. आमी जिच्यात कुस्ती खेळतो, ती.” मग जरा नरम आवाजात म्हणाले, “आमच्या तालमीचा रिवाज हाय, मॅडम. पैलवान दुखण्यानं आडवा पडला, तर उठून भुईला पाय लावायच्या आदी वस्तादानं त्याच्या कपाळाला माती लावायची. माझ्या आज्ज्यानं लावली, बानं लावली. न्हाई लावली तर माती त्याला परत जवळ करत न्हाई. आज त्यो उठनार म्हनं.”

“कोण म्हणालं?”

“सिस्टर म्हनल्या. ताप गेला. रगताचा रिपोटबी नीट आला. म्या खाली पेढं वाटून आलोय.”

खरंच वाटले होते. येताना खालच्या रखवालदाराच्या गालात मी पेढा पाहिला होता.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो बिरू कोळेकर आत खाटेवर पडला होता. जतकडच्या धनगराचा मुलगा. आईबाप मेंढरं घेऊन फिरतीवर, त्यांना निरोप पोचवायचा तरी कुठे हाच प्रश्न. पोरगं लहान असतानाच त्यांनी वस्तादांच्या हवाली केलं होतं. वस्तादांना मूलबाळ नव्हतं, बायको जाऊनही बरीच वर्षं झालेली. तालीम आणि बिरू, एवढाच त्यांचा संसार. बिरूच्या मांडीवर एक गळू आलं. पैलवानांना येतातच, कुणी मनावर घेत नाही. कुणीतरी ते अंगठ्यानं दाबून फोडलं आणि जंतू रक्तात शिरले. त्याला आणला तेव्हा तापानं फणफणला होता, नाडी हाताला लागत नव्हती, स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं. सर्जननी मांडीतून वाटीभर पू काढला. मेडिसिनचे प्रमुख शिराळकर सर रात्रंदिवस त्याच्या उशाशी बसले, सलाइन आणि औषधांचा मारा केला, आणि पोरगं मरणाच्या दारातून माघारी आलं.

मी त्याच्या डॉक्टरांपैकी नव्हते. मी तेव्हा पॅथॉलॉजीत एम.डी. करत होते, आणि आमच्या खात्याची ओळख माणसांपेक्षा त्यांच्या रक्ताशी जास्त. रक्तात जंतू पसरलेल्या रोग्यांच्या पांढऱ्या पेशी कशा वागतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्यापायी मी बिरूचं रोज थोडं रक्त घेत होते. तो मला चिडवायचा. “मॅडम, निस्तं काढताय. परत द्यायची बोली हाय नव्हं?”

“मला समजंल आसं सांगा,” वस्ताद म्हणाले. “ताप गेला, हे चांगलं का वाईट?”

“बहुतेक वेळा चांगलं.”

“आन् बिरूचं?”

“या माझ्याबरोबर. दाखवते.”

त्यांनी पुरचुंडी नेहरूशर्टाच्या खिशात घातली आणि ते माझ्यामागून जिना उतरले.

आमच्या लॅबमधलं स्टूल त्यांच्या मानानं फारच बारकं होतं. ते त्यावर न बसता नुसते टेकले. मी मायक्रोस्कोप पुढे सरकवला.

“रक्तात पांढऱ्या पेशी असतात,” मी म्हटलं. “बाहेरचा जंतू शिरला की त्या त्याला धरतात आणि गिळून टाकतात. त्या झटापटीत अंग तापतं. मी काय करते, रक्तातून त्या पेशी वेगळ्या काढते आणि त्यांच्यात बेकरीतलं यीस्ट घालते. पाव फुगवायला घालतात तेच. अंगाएवढ्या उबेत ठेवते. मग काचेवर पसरून, रंग देऊन बघते, कुणी किती गिळलं ते.”

“ह्या कुनाच्या?”

“माझ्या.” तुलनेला धडधाकट माणसाचं रक्त लागायचं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी हौसेनं दिलं, पुढं मी सुई घेऊन दिसले की लोक वाट बदलायला लागले. म्हणून माझंच वापरायची.

वस्तादांना एक डोळा मिटता येईना. त्यांनी तो तळहातानं झाकला आणि वाकले. “निळं दिसतंय. वाटुळं.”

“तिच्या पोटात बारके दाणे दिसतात?”

“व्हय की. तीन. न्हाई, चार.” ते खूश झाले. “खादाड हाय वो तुमची पेशी.”

“आता ही बघा. बिरूला आणला त्या दिवशीची.”

“आयला! हिनं तर फडशा पाडलाय.” त्यांचा आवाज अभिमानानं भरून आला. घरचं पोर पंगतीत दाबून जेवलं की बापमाणसाचा येतो, तसा.

“आणि ही कालची.”

ते वाकले आणि वाकलेलेच राहिले. काय दिसत असणार ते मला ठाऊक होतं, सकाळपासून मी तेच बघत होते. पेशी भरपूर, गोल, टापटीप. यीस्टचे दाणे त्यांना खेटून पडलेले, काही तर अंगाला चिकटलेले. आणि सगळ्यांची पोटं रिकामी. एका बाकावर बसून एकमेकांची ओळख नसलेल्या माणसांसारखं सगळं शांत होतं. त्या शांततेची मला भीती वाटली होती.

“दानं हाईत,” वस्ताद म्हणाले. “पेशीबी हाईत.”

“हो.”

“पन हात टाकत न्हाईत.”

“नाही.”

“मेल्यात?”

“जिवंत आहेत. मोजल्या तर बरोबर भरतात, म्हणून तर रिपोर्ट चांगला आला. पण कधीकधी एवढी मोठी झुंज झाली की त्यांच्यात काम करायचं बळ उरत नाही. पहिल्या जंतूला औषधांनी संपवलंय, ते खरं. पण ताप नुसता त्यामुळे गेलेला नाही. झगडायला कुणी उरलं नाही, म्हणूनही गेलाय.”

त्यांनी डोळ्यावरचा हात काढला. “म्हंजे माझा पैलवान आखाड्यात हुबा हाय,” ते हळू म्हणाले, “आन् पकड न्हाई.”

याच्याहून बरं वाक्य मला पुढे अख्ख्या प्रबंधात लिहिता आलं नाही.

“जाग्या हुतील का?”

“होतात. बऱ्याच जणांच्या होतात. पण तोवर त्याच्या वाटेला नवा जंतू जाता कामा नये. जंतू तुमच्या-माझ्या अंगावर असतात, हवेत असतात, मातीत तर असतातच. आपल्याला काही होत नाही. त्याला आत्ता एवढासाही पुरे.”

“ही माती तीन पिढ्यांची हाय.” त्यांचा हात खिशाकडे गेला. “ताक पाजलंय, तेल पाजलंय, हळद पाजलीया. हिच्यानं जखमा बऱ्या हुत्यात, मॅडम.”

“होत असतील. पण त्याच्या पेशी जाग्या होईपर्यंत माती लावू नका. मला शब्द द्या.”

त्यांनी शब्द दिला नाही. “रोज येऊन इचारतो तुमास्नी,” एवढंच म्हणाले.

त्यांना मी एक गोष्ट सांगितली नव्हती. रक्तातल्या पेशी काढून घेतल्या की मागे पिवळट पाणी उरतं. दोष पेशींत आहे की पाण्यात, हे बघावं म्हणून त्या सकाळी मी माझ्या पेशी बिरूच्या पाण्यात ठेवल्या होत्या. थोड्या वेळानं काच बघितली, तर माझ्या त्या खादाड पेशीही दाण्यांशेजारी गप्प बसलेल्या. एखाददुसरीनं गिळलं होतं, बाकीच्या नुसत्या बघत होत्या. मी सगळं धुऊन पुन्हा केलं. पुन्हा तेच. याचं कारण मला पुस्तकातून माहीत होतं. एवढ्या झुंजीनंतर रक्तात असे पदार्थ तयार होतात, की जे पेशींना ‘आता पुरे’ म्हणून सांगतात, आणि ते घरच्या-परक्या कुणाच्याही पेशींना ऐकू येतं. पण माहीत असणं वेगळं. त्या दुपारी मेसमध्ये ताटावर बसले, तर घास तोंडापर्यंत जाईना. माझं रक्त आणि त्याचं रक्त यांच्यामध्ये काही भिंत आहे, असं मी उगीच धरून चालले होते.

शिराळकर सरांनी माझं ऐकून घेतलं. “मगदूम, यावर औषध काय?”

“नाही सर. वाट बघायची.”

“मग बघू या वाट,” सर म्हणाले, आणि बिरूच्या खाटेभोवती पडदे लागले. भेटायला येणाऱ्यांना मज्जाव, बाहेरचा डबा बंद, फळं-फुलं बंद. वस्तादांसाठी मात्र मी सरांच्या मागे लागून परवानगी काढली. झगा घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं आणि खाटेपासून दोन हात लांब स्टुलावर बसायचं. त्या हिरव्या झग्यात वस्ताद असे दिसायचे की सिस्टर तोंड फिरवून हसायच्या. हात मात्र मांडीवर घट्ट धरून बसायचे, बांधून घातल्यासारखे.

“वस्ताद,” बिरू खाटेवरून म्हणायचा, “लांब का बसलाय? माझा काय वास येतोय व्हय?”

“गप पड. आराम कर.”

“अंगात काय न्हाई वो माज्या. निस्तं गार पडल्यागत वाटतंय. उभा ऱ्हायलो की पडंल आसं वाटतंय. माती लागली की ऱ्हाईन बगा उभा.”

वस्ताद मग माझ्याकडे बघायचे. मी मान हलवायची. नाही.

रोज दुपारी ते लॅबच्या दाराशी यायचे. आत येत नसत. “आज गिळलं का?”

“नाही.”

“बरं.”

“आज गिळलं का?”

“अजून नाही, वस्ताद.”

“बरं.”

मला त्या प्रश्नाचा धसका बसला. जिन्यावर त्यांच्या वहाणांची करकर ऐकू आली की मी काचा उगाच इकडच्या तिकडे करायची. आणि मग एका सकाळी काच खाली ठेवली तर एका पेशीच्या पोटात एक दाणा. मला वाटलं रंगाचा डाग आहे. काच सरकवली. इथं एक, तिथं दोन. बाकीच्या अजून ढिम्म होत्या, पण काहींनी तोंड उघडलं होतं. मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. वस्ताद व्हरांड्यात बाकावर बसले होते.

“हलल्या!” मी म्हटलं. “आज थोड्या हलल्यात.”

“जाग्या झाल्या म्हना की!”

“सुरुवात आहे. अजून वेळ—”

पण ते पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. त्यांनी दोन्ही हात वर केले, छताकडे बघितलं आणि अल्लाचं आणि मारुतीचं नाव एका दमात घेतलं. सत्तरीच्या माणसाला इतकं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मलाही हसू आलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी कँटीनमध्ये चहा घेतला आणि वस्तादांनी मला माझ्या नाजूक मनगटांवरून बोल लावले. “येवढ्याशा हातानं रगत कसं काढता वो? काडी हाय काडी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरू बरळायला लागला. रक्तदाब घसरला. सरांनी सगळं पुन्हा सुरू केलं, औषधं बदलली, आणखी भारी दिली. ताप आलाच नाही. थर्मामीटरचा पारा चढला नाही, उलट उतरत गेला. मी हात लावून बघितला तर पैलवानाचा तो एवढा पंजा थंडगार होता. पुढच्या सकाळी तो गेला.

सिस्टर नळ्या काढत होत्या. मी खाटेच्या डोक्याशी उभी होते, म्हणून मला दिसलं. कपाळ जिथं संपतं आणि केस सुरू होतात, तिथं अंगठ्याएवढा तांबडा पुसट डाग. मी वर बघितलं. पायाशी वस्ताद उभे होते. मला डाग दिसला, हे त्यांना दिसलं. मी कापूस लावलेली काडी मागवली, तो डाग टिपला आणि काडी नळीत घातली.

“काय करताय मॅडम?” सिस्टरनी विचारलं.

“नमुना,” मी म्हटलं.

बिरूच्या शेवटच्या रक्तातून जो जंतू उगवला, त्यानं जंतू वाढवायची काचेची बशी हिरवी केली. झाकण उघडलं की पिकल्या द्राक्षांसारखा गोड वास यायचा. आमच्या भागात द्राक्षाला काय तोटा, पण आजही कुणी घरी पेटी पाठवली की मी आधी खिडकी उघडते. हा जंतू पाण्यात राहतो. मातीतही राहतो. म्हणजे वस्तादांची माती असू शकत होती.

मी ती काडी बशीवर फिरवली. आणि मग, का कोण जाणे, आणखी काड्या घेऊन अतिदक्षता विभागात गेले. बेसिनच्या नळाला लावली, टेबलाला लावली, सिस्टरच्या ट्रॉलीला लावली. बिरूच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. तो वायू कोरडा असतो, म्हणून खाटेमागे भिंतीवर पाण्याची एक बाटली असते. ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुडत येतो. त्या पाण्याचाही नमुना घेतला आणि बाटली परत जागेवर लावली.

मातीच्या बशीत जत्रा भरली. पांढरे, पिवळे, केसाळ, नाना तऱ्हेचे जंतू उगवले. हिरवा मात्र त्यांत नव्हता. मी भिंगातून एकेक ठिपका तपासला, नव्हताच. बाटलीच्या पाण्याच्या बशीत दुसरं काहीच नव्हतं, सगळं हिरवंगार. वासही तोच. बिरूच्या रक्तातला जंतू ज्या औषधांना दाद देत नव्हता, त्याच औषधांना बाटलीतलाही देत नव्हता. आम्ही दार अडवून उभे होतो, आणि तो आमच्याच भिंतीवरून त्याच्या नाकात जात होता.

“खात्री आहे?” शिराळकर सरांनी विचारलं.

“हो सर.”

त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळले. त्यांचं वय एकदम दिसायला लागलं. “अधीक्षकांना सांगतो. सोमवारी समिती बसेल. तोवर बाहेर बोलू नका, मगदूम. लोक हॉस्पिटल पेटवतील.”

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर समितीशी मला काही देणंघेणं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस होता. आपल्या अंगठ्यानं पोर मारलं, असं समजून तो आत्ता कुठे बसला असेल, एवढंच डोक्यात होतं. मी ॲप्रन खुंटीला लावला आणि तशीच तालमीकडे निघाले.

तालीम हळदीच्या पेठेमागच्या बोळात होती. दार एवढं बुटकं की आत शिरताना पैलवानालाही वाकावं लागावं. मी बाहेरच्या पायरीशी थांबले. लंगोट लावलेली पोरं डोक्यावर पाट्या घेऊन एकामागून एक वाकून बाहेर येत होती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तांबडी माती ओतत होती. बोळभर ताकाचा आणि तेलाचा आंबूस वास सुटला होता.

“वस्ताद,” मी दारातून हाक मारली.

“आत या.”

“तालमीत बायका—”

“तालीम ऱ्हायली न्हाई आता ही. खोली हाय. या.”

मी चपला काढल्या आणि आत गेले. कोनाड्यात शेंदरी मारुती होता, त्याच्यासमोरचा दिवा तेवत होता. मधोमध हौदा, कंबरभर खोल, आणि तो जवळपास रिकामा झालेला. खाली मुरूम उघडा पडला होता. वस्ताद काठावर पाय सोडून बसले होते, अंगात तोच नेहरूशर्ट. मी त्यांच्या शेजारी बसले.

“तुमी बगितलं हुतं,” ते म्हणाले. “बोलला न्हाईत कुनाला.”

“नाही.”

“तुमी म्हनला हलल्या. म्या म्हनलं, जाग्याच झाल्या की, आता काय हुतंय. सिस्टर तिकडं वळली, आन् म्या येवढी, चिमूटबी न्हाई…” त्यांनी आपला अंगठा समोर धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. “पोरानं डोळं मिटून घेतलं. हसलं. म्हनलं, वस्ताद, आता ऱ्हातो बगा उभा.”

पोरं येत होती, पाट्या भरत होती, जात होती.

“माझ्या आज्ज्यापासनंची माती,” वस्ताद म्हणाले. “समदी काडली. खड्ड्यात पुरा म्हनलंय, शेतात बी टाकू नका. पोर खाल्लं हिनं माझं. म्या चारलं हिला.”

“वस्ताद, तुमच्या मातीनं नाही गेला तो.”

त्यांनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

“मी कपाळावरची माती तपासली. ज्या जंतूनं बिरू गेला, तो तिच्यात नव्हता. तो आमच्या हॉस्पिटलात होता. ऑक्सिजनच्या बाटलीतल्या पाण्यात. तुम्ही हात लावायच्या आधीपासून होता.”

“परत सांगा.”

मी परत सांगितलं. या वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग ते हौद्यात उतरले, त्या उघड्या मुरमावर गुडघे टेकले, दोन्ही तळवे खाली टेकवले आणि मोठ्यानं रडले. दारात पोरं पाट्या घेऊन खिळल्यासारखी उभी राहिली. त्यांनी आपल्या वस्तादाला असं कधी पाहिलं नसणार. मीही रडत होते. पण मला हलकंही वाटत होतं. ज्यासाठी आले ते झालं, असं वाटत होतं.

वस्तादांनी फेट्याच्या शेवटानं तोंड पुसलं. “म्हंजे म्या न्हाई मारला.”

“नाही.”

“पान्यानं मारलं, तुमच्या बाटलीतल्या.”

“हो.”

ते तसेच खाली बसून वर माझ्याकडे बघत होते. डोळे लाल होते, पण नजर सरळ होती. “बिरूच्या खाटंवर आता कोन हाय?”

“एक बाई आहे,” मी म्हटलं. “कवठ्याची. पोटाचं ऑपरेशन झालंय.”

“तिच्या डोस्क्यापाशी तीच बाटली?”

नमुना घेऊन मी माझ्याच हातानं ती परत जागेवर लावली होती. “सोमवारी समिती बसणार आहे,” मी म्हटलं. “सरांनी अधीक्षकांना—”

“मग तुमी हितं काय करताय?”

ते ओरडले नाहीत. खरोखरच कळत नाही म्हणून विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

मी पळत सुटले. चपला तालमीतच राहिल्या. पेठेतल्या हळदीच्या पोत्यांमधून, हमालांना धडकत, मी रस्त्यावर आले आणि दिसली त्या रिक्षात चढले. अतिदक्षता विभागाच्या दारात या वेळी कुणी हात पसरून उभं नव्हतं. मी झगा न घालता, धुळीनं माखलेल्या पायांनी आत शिरले. भिंतीवरची बाटली बुडबुडत होती. पाणी नितळ दिसत होतं. सिस्टर “अहो मॅडम, अहो मॅडम” करत मागून धावत आल्या. मी बाटलीचं झाकण फिरवायला लागले. ते घट्ट बसलं होतं, सुटेना. शेवटी सुटलं. मी सगळं पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि पुढच्या खाटेच्या बाटलीकडे वळले.

तेवढ्यात कवठ्याच्या बाईनं माझं मनगट धरलं.

“बाई,” ती म्हणाली, “थंडी वाजतीया. सकाळधरनं वाजतीया. अंगावर कायतरी घाला माझ्या.”

तिचा हात भाजत होता. बिरूचा शेवटपर्यंत गार होता. हिच्या पेशी झगडत होत्या, एवढं मला कळलं, आणि त्यांना झगडायला आम्हीच लावलं होतं, हेही.